नासरे सरांच्या आईचे सरगुंडे

सरांवर लेख म्हणला का तुमचा रुमाल तयार असन. पहिले सर भल्ले कडक, मंग एक दिवस ते कोणाची तरी गुपचूप मदत करताना दिसते, मंग आपल्याले कळते का वरून फणस अन् आतून गरे, मंग फोटोले हार. ठेवून द्या रुमाल खिशात. नासरे सर जिवंत आहेत, ठणठणीत आहेत. रोज सकाळी ग्राउंडले चकरा मारतात, अन् चकरा मारता मारता समोरून येणाऱ्याले चुकीच्या बाजूनं चालून राह्यला म्हणून झापतात. फणसाचं म्हणसान, तं मी तो तीन वर्ष जवळून पाह्यला. आतून बी काटेच आहेत.

वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात फिजिक्सच्या मागच्या अंगाले एक लांबट खोली आहे. तिच्या दारात स्टुलावर प्लॅस्टिकची टोपली. आत जायच्या आधी अंगावरचं सगळं लोखंड त्या टोपलीत टाकायचं. किल्ल्या, पट्टा, केसाच्या पिना, मोबाइल. देवळात चपला काढते तसं. काऊन, तं आत सरांच्या पट्ट्या असतात, अन् त्या पट्ट्याइले लोखंडाचा वास येते.

साध्या भाषेत सांगतो, कारण अवघड भाषा मले बी येत नाई. प्लॅस्टिकच्या पातळ कागदावर धातूचे थर चढवायचे. केसाचे हजार फाके केले तं त्याच्यातला एक जेवढा, तेवढा एक थर. एक थर चुंबकी, एक साधा, मंग पुन्हा चुंबकी. त्याच्यातून करंट सोडायचा. जवळ चुंबक आला, लोखंड आलं, का करंटले जायाले एक तं सोपं होते नाई तं जड होते. तेवढ्यावरून कळते का बाप्पा, कोणीतरी आलं. हात लावायचं काम नाई. इलेक्ट्रॉनले भवऱ्यासारखी फिरकी असते, तिचा हा खेळ. स्पिंट्रॉनिक्स म्हणतात. अन् सगळं प्लॅस्टिकवर असल्यामुळं ते बोटाले, मनगटाले, कोठी बी गुंडाळता येते. म्हणजे गुंडाळता आलं पाह्यजे. तिथंच तं सगळं रामायण आहे.

मी तिथं प्रोजेक्टवर होतो. एमएससी झालो, नोकरी नव्हती, पट्ट्या कापायचं अन् आकडे उतरवायचं काम भेटलं. माह्यं गाव कारंजा घाडगे. हायवेवरचं. लहानपणी आमच्याकडे करमणूक म्हणजे ट्रकचे हॉर्न अन् ढाब्यावरचे वेटर. मी पहिले हॉर्न काढाले शिकलो, मंग वेटर, मंग हेडमास्तर. नासरे सर म्हणजे माह्यी पीएचडी.

सरांचा आवाज काढायचा तं पहिले गळा साफ करायचा नाई, नाक साफ करायचं. मंग पंख्याकडे पाह्यचं. मंग म्हणायचं, "हे तुम्ही पाहिलं, का मानलं?"

हे त्याइचं ब्रह्मवाक्य. पोरगा म्हणे, सर पट्टी खराब झाली. "पाहिलं, का मानलं?" पोरगी म्हणे, सर आज लाइट जाणार हाय. "पाहिलं, का मानलं?" आमचे शिपाई गजूभाऊ, त्याइची सासू वारली. ते सुट्टी मांगाले आले तं सर पंख्याकडे पाहून बोलून गेले, "पाहिलं, का..." गजूभाऊ म्हणे, "सर, खांदा द्यायचा हाय, जाऊन पाहूनच येतो."

अन् सरांच्या भाषा दोन. पोट भरलं असन, सगळं आपल्या मनासारखं चालू असन, तं सर आपल्यासारखेच वऱ्हाडी बोलतात. "काय बे, जेवला काय?" पण सर 'आपण' अन् 'कृपया' करायले लागले का समजायचं, कोणाचा तरी बकरा होऊन राह्यला. सगळ्यात जास्त शिव्या त्याइनं मले शुद्ध मराठीत देल्ल्या. त्यात एक बी शिवी नव्हती.

एकदा संस्थेचे अध्यक्ष लॅब पाहाले आले. सोबत दहा-बारा लोक, हार, शाल. सर दारात आडवे. म्हणे, "कृपया पट्टा काढा." अध्यक्ष हासले. त्याइले वाटलं गंमत आहे. सर म्हणे, "आपल्या पट्ट्याचं बकल माझ्या पट्टीला दिसतं. माझी पट्टी आपल्याला दिसत नाही. तेव्हा काढायचं कोणी?" अध्यक्षानं पट्टा काढला. मंग एका हातानं शाल अन् एका हातानं प्यांट धरून त्याइनं पूर्ण लॅब पाह्यली. लोक हे सांगून म्हणतात, पाहा, सर कोणाले भेत नाई. मी म्हणतो, भेत नाई हे खरं. पण गजूभाऊले बी त्याइनं तसाच पट्टा काढाले लावला होता, अन् गजूभाऊच्या हातात चहाचा ट्रे होता. भेत नाई अन् दया नाई, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरांजवळ दोन्ही होत्या.

शिकवाले मात्र एक नंबर. तेवढं कबूल करतो, पुढं काही करणार नाई. एकदा त्याइनं वर्गातल्या पोट्ट्याइले व्हरांड्यात दोन रांगात उभं केलं. "पोळ्याचे बैल आहा तुम्ही. तोरणाखाली उभे. सगळ्याइचे तोंडं पूर्वेले." मंग गजूभाऊले पाण्याची बादली देऊन मधातून पळवलं. गजूभाऊ आरामात पार. "आता डावी रांग, पश्चिमेले पाहा. अन् येणाऱ्याले धक्का द्या." गजूभाऊची बादली अर्धी सांडली. "हे झालं रेझिस्टन्स. तोंडं एका दिशेले तं करंट पळते, उलटे झाले का अडकते." वर्ग आजन्म विसरला नाई. गजूभाऊ बी नाई. ते दुसऱ्या दिवशी तापानं पडले. सर म्हणे, "बैल चांगले होते. करंट कच्चा निघाला."

दुसरी खोड, वाकवणं. हातात जे येईन ते वाकवून पाह्यचं. बसचं तिकीट, परीक्षेचं हॉलतिकीट, पंगतीतला पापड. कुठं तुटते ते पाहू. माह्यं ओळखपत्र पहिल्याच दिवशी वाकवून तोडलं, अन् तुकडे हातात देऊन म्हणे, "फोटोवरून गेलं पाहा. कच्ची जागा तीच असते." लग्नाची पत्रिका द्याले आलेल्या माणसासमोर पत्रिका न वाचता वाकवली. नवरदेव-नवरीच्या नावाच्या मधातून घडी पडली. तो माणूस निघून गेला, अन् आमच्या पूर्ण डिपार्टमेंटचं जेवण गेलं.

आता प्रांजलीताई.

ताई रोहण्याची. वडील शेती करतात, आई घर अन् शेत दोन्ही. ताई सरांची पीएचडीची विद्यार्थिनी, पाचवं वर्ष लागलेलं. बोलणं कमी. म्हणजे इतकं कमी का मी सगळ्या डिपार्टमेंटची नक्कल करतो, लॅबच्या पंपाची बी करतो, पण ताईची कधी केली नाई. धराले काही सापडतच नव्हतं.

तिचं काम होतं हातमोजा. आमच्या भागात जिनिंग भल्ले, म्हणजे कापसातून सरकी काढायचे कारखाने. कापूस येते, त्याच्यात काय काय येते ते विचारू नका. खिळे, नट, विळ्याचे तुटके पाते. ते मशिनीत गेलं का ठिणगी, अन् कापसात ठिणगी म्हणजे पुढचं सांगायची गरज नाई. बाया हातानं कापूस चाळतात, पण किती दिसन? म्हणून मोज्याच्या बोटाले चुंबकी पट्टी, पाठीमागं मुंगाएवढा चुंबक, अन् मनगटावर छोटी डब्बी. कापसात हात घातला अन् चार बोटं अंतरावर लोखंड असलं का डब्बी वाजते.

कागदावर मस्त. पण बोट वाकलं का पट्टी तडकायची. प्लॅस्टिक वाकते, त्याच्यावरचा धातू वाकत नाई. ताई पट्टी करायची, मोज्यावर लावायची, बोट वाकवायची, अन् आकडा मरायचा. सर ती पट्टी चिमटीत धरून सगळ्याइसमोर म्हणायचे, "आपण पाच वर्षांत कचरा तयार करण्यात प्रावीण्य मिळवलं आहे." अन् टाकायचे डब्यात. रोज. एखादा माणूस रोज न कंटाळता वाईट वागू शकते, हे मी तिथं पाह्यलं. मानलं नाई, पाह्यलं.

उन्हाळ्यात ताई रोहण्याले गेली. चुलत बहिणीचं लग्न होतं. घरी बाया सरगुंडे करत बसलेल्या. बाहेरगावच्याइसाठी सांगतो, सरगुंडे म्हणजे कणकेची बारीक लांब वळी करायची, ती काडीवर गोल गोल गुंडाळायची, अन् सुकली का काडी ओढून घ्यायची. स्प्रिंगीसारखं वेटोळं राह्यते. मंग ते वाफवून आमरसासोबत खायचे. ताईच्या आईच्या हाताले भल्ली लय. ताईनं एक सुकलेलं सरगुंडं उचललं अन् हलकंच वाकवलं. मोडलं नाई. वेटोळे थोडे फाकले अन् पुन्हा जागेवर. तिनं आईले विचारलं, "वळी सरळ वाळवून मंग काडीवर गुंडाळली तं?" आई म्हणे, "पागल झाली काय वं? तुकडे होतीन. ज्या आकारात राह्यचं त्याच आकारात वाळवा लागते."

ताई लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी लॅबमध्ये हजर. प्लॅस्टिकची बारीक फीत कापली, बोटाएवढ्या काचेच्या कांडीवर गुंडाळली, कांडी छोट्या मोटरीवर फिरती ठेवली, अन् तशीच गुंडाळलेली फीत मशिनीत टाकून तिच्यावर धातू चढवला. मंग कांडी ओढून घेतली. फितीचं सरगुंडं मोज्याच्या बोटात चढवलं. बोट वाकवलं. आकडा जिवंत. पुन्हा वाकवलं. जिवंत. मी उड्या मारल्या. ताई फक्त स्टुलावर बसली.

सर आले. पाहून घेतलं. नाक साफ केलं. "कुठून सुचलं?"

ताईनं सांगतलं. आई, काडी, वळी, सगळं.

सर पंख्याकडे पाहून हासले. "म्हणजे आता आम्ही कणीक मळायची? वा, सरगुंडेबाई."

तेव्हापासून तिचं नाव सरगुंडेबाई. पूर्ण पावसाळा. पाहुणे आले का, "ह्या आमच्या सरगुंडेबाई, स्वयंपाकघरातून फिजिक्समध्ये आल्या." पोट्टे हासायचे. हासले नाई तं सर थांबून पाह्यचे, कोण हासलं नाई ते. पट्टी मात्र रोज त्याच पद्धतीनं बनत होती, अन् डब्यात टाकणं बंद झालं होतं.

ताईनं थेसिस लिहून सरांच्या हातात देल्ला. सरांनी तो गाडीत मागच्या काचेजवळ ठेवला, अन् तो तिथंच ऊन खात पडला. इकडे ताईले बंगलोरच्या एका कंपनीत नोकरी लागली, सेन्सरचीच. पण त्याइची अट, थेसिस जमा झाल्याचा कागद डिसेंबर संपायच्या आत दाखवा. अन् सरांच्या सहीशिवाय थेसिस जमा होत नाई. ताई सही मांगाले गेली का सर म्हणत, "कापसाचा सीझन लागू द्या. जिनिंगमध्ये मोजा चालू द्या. घाई कोणाला आहे?" घाई कोणाले आहे हे त्याइले चांगलं माहीत होतं. ताईचे वडील एक दिवस रोहण्यावरून आले, हात जोडून उभे राह्यले. सरांनी त्याइले दारात टोपली दाखवली. "पहिले कंबरेचा करदोडा पाहा, त्यात लोखंडाचा ताईत आहे का?" एवढंच बोलले, अन् आत निघून गेले.

अन् मंग आला जिनिंगचा मुहूर्त.

हिंगणघाट रोडवर एक जिनिंग आहे, तिथले शेठ सरांच्या वळखीचे. सीझनचा पहिला कापूस, त्याची पूजा, अन् त्याच दिवशी आपल्या मोज्याचं प्रात्यक्षिक. सर आदल्या दिवशी ताईले म्हणले, "उद्याचं नीट झालं का जेवण करून सही करतो." वऱ्हाडीत म्हणले, म्हणून मले वाटलं खरंच करतीन.

आवारात कापसाच्या गाड्याइची रांग, शेतकरी, बाया, लाउडस्पीकर, बुंदीचा वास. मधात पांढराशुभ्र ढीग, माणसाच्या छातीएवढा. शेठनं प्रमुख पाहुणे म्हणून सरांच्या हातून पूजा करवली. अन् सरांनी केली. टिळा लावून घेतला, टोपी घातली, नारळ फोडलं. आमच्याकडे रास पडली का तिच्यात विळा खोचतात, नजर लागू नये म्हणून. शेठनं विळ्याले हळद-कुंकू लावून सरांच्या हातात देल्ला. सरांनी फोटोकडे तोंड करून तो ढिगात खोचला. मुठीपर्यंत. एक हमाल शेठच्या हुकमानं लगेच वरून आणखी दोन टोपले कापूस ओतून गेला. सर मस्त. "काय बे कलाकार, फोटो काढला का?" मले म्हणले.

मंग भाषणं. शेठचं, सरांचं, पुन्हा शेठचं. मंग प्रात्यक्षिक. शांताबाई म्हणून जिनिंगमधल्या जुन्या कामकरीण, त्याइनं मोजा घातला. सरांनी सगळ्याइच्या देखत तीन-चार खिळे ढिगाच्या कडेले लपवले. शांताबाईचा हात फिरला. टी, टी. खिळा. टी, टी. दुसरा खिळा. टाळ्या. एक न्यूज पोर्टलवाला मोबाइल धरून शूटिंग करत होता.

मंग शांताबाई मधात सरकल्या अन् हात खोल घातला. टी टी टी टी टी. थांबेच ना. त्याइनं मुठी मुठी कापूस काढला. काही नाई. पुन्हा घातला. टी टी टी टी.

सरांनी टोपी काढली. नाक साफ केलं. पंखा नव्हता म्हणून आभाळाकडे पाह्यलं. "प्रांजली मॅडम, कृपया पुढे या. इथे मी काहीही ठेवलेलं नाही. तरीही आपलं यंत्र वाजतं आहे. हे काय आहे?"

ताई म्हणे, "सर, वाजते म्हणजे आत काहीतरी असन."

"असेल! पाहिलं, का मानलं? पाच वर्षं मी हेच ऐकतो आहे. आपल्याला भुलून कोणी नोकरी देईल, विज्ञान भुलणार नाही. बंद करा हे. शेठजी, मी दिलगीर आहे. विद्यार्थी निकृष्ट निघाला की गुरूची मान खाली जाते."

लाउडस्पीकर चालू होता. हे सगळं गाड्याइच्या रांगेच्या शेवटापर्यंत गेलं. ताईचे वडील त्याच रांगेत होते, कापूस घेऊन आलते, पोरीचं काम पाहाले.

ताई पुढं झाली. शांताबाईच्या हातातला मोजा काढला, आपल्या हातात घातला. ढिगाजवळ गुडघ्यावर बसली. हात घातला कोपरापर्यंत, मंग खांद्यापर्यंत, गाल कापसाले लागला. डब्बी कापसात दबून बारीक आवाजात केकाटून राह्यली होती. मंग तिनं हळूहळू हात बाहेर काढला.

हातात विळा. हळद-कुंकवाचा.

 मंग रांगेतून एक म्हातारा ओरडला, "अबे, हा तं साहेबानंच खोचला ना!" अन् आवार हासलं. गाड्याइवर बसलेले हासले, बाया पदर तोंडाले लावून हासल्या, शेठनं हासू दाबाले बुंदीकडे तोंड केलं.

तुमाले वाटन, आता सर ओशाळले. छ्या. सरांनी ताईच्या हातातला विळा घेतला, वर धरला, अन् म्हणले, "ही परीक्षा होती. मी मुद्दाम ठेवला होता. उत्तीर्ण."

अन् पोर्टलवाल्याकडे वळले. त्यानं विचारलं, सर ही कल्पना कशी सुचली? सर कापसाच्या ढिगापुढं उभे राह्यले, टोपी पुन्हा घातली. "लहानपणी माझी आई सरगुंडे वळायची. काडीवर गुंडाळलेली ती वळी मी तासन्‌तास पाहत बसे. तिथेच या संशोधनाचं बीज पडलं." आईचं नाव घेताना त्याइनं आवाज जड केला. मी कलाकार माणूस आहे, खोटा जड आवाज मले लगेच वळखू येते. सरांच्या आईचं घर नागपूरले. सर स्वतः सांगत, आमच्या घरी सरगुंडे होत नाई, विकतची शेवई येते.

ताई चार फुटावर उभी होती. मोजा काढून घडी करत होती. तिच्या तोंडावर काही नव्हतं. मले ते सहन झालं नाई.

जेवणाची पंगत बसली. शेठ माईकवर आले, म्हणे, गाड्या रिकाम्या व्हायले वेळ आहे, तोपर्यंत कॉलेजचा हा पोट्टा नकला मस्त करते म्हणे, ये बेटा. मी गेलो. हॉर्न काढले, जिनिंगची मशीन काढली, लोक खूश. मंग मी नाक साफ केलं. आभाळाकडे पाह्यलं.

"उपस्थित शेतकरी बंधूंनो. माझी आई सरगुंडे वळायची. आता कृपया विचारा, पाहिलं, का मानलं? बंधूंनो, मानलं! माझ्या आईला सरगुंडे येत नाहीत. सरगुंडे वळले प्रांजली मॅडमच्या आईनं, रोहण्याला. मी तर पूर्ण पावसाळा त्यांना सरगुंडेबाई म्हणून चिडवत होतो. पण काय करणार? मोबाइल समोर आला, अन् माझी आई बदलली!"

असं हासू मी जिंदगीत कमावलं नव्हतं. लोक गाड्याइच्या फळ्या ठोकून राह्यले होते. पोर्टलवाला बुंदी सोडून शूटिंग कराले धावला. ताईचे वडील मात्र हासत नव्हते, ते उभे झालते. अन् सर पंगतीत बसले होते. हातात पापड होता. वाकवत नव्हते. नुसता धरून होते.

मंग उठले, हात धुतले, माह्याजवळून गेले. म्हणे, "आपला आवाज चांगला आहे." एवढंच. अन् ताईले म्हणे, "मॅडम, कृपया गाडीकडे या."

त्याइचं त्या दिवशीचं शेवटचं दर्शन मले ते. मी दुरून पाह्यलं. गाडीच्या मागच्या काचेजवळून त्याइनं थेसिस काढला, कापसाची धूळ बसलेल्या बोनेटवर ठेवला, अन् पाहाले लागले. पहिल्यांदा. पान पान. एका पानावर थांबले. बोट ठेवून वाचलं. ते पान त्याइनं शांतपणे फाडलं, गोल गुंडाळलं अन् खिशात टाकलं. मंग पेन काढून सही केली. ताईकडे न पाहता थेसिस तिच्या हातात देल्ला, गाडीत बसले, काच वर केली, अन् गाड्याइच्या रांगेतून हॉर्न देत देत निघून गेले. टिळा तसाच कपाळावर.

मी ताईकडे धावत गेलो. "ताई, झाली ना सही! पाह्यलं का, कसा वाकवला म्हाताऱ्याले!"

ताईनं थेसिस वडिलांजवळ देल्ला. मले वजनकाट्याच्या मागं, जिथं कोणी नव्हतं तिथं नेलं.

"तुले कोणी सांगतलं होतं?"

"ताई, मी तं तुह्यासाठी..."

"चूप. मी त्या माणसाचं पाच वर्ष आयकलं. काऊन आयकलं? मले तोंड नाई म्हणून? त्या थेसिसमधी एक पान होतं. पद्धत कोठून आली ते लिहिलं होतं त्याच्यात, माह्या आईच्या नावासकट. छापील. मोबाइलवरचं आज हाय, उद्या वर सरकून जाते. थेसिस राह्यते. दुनियेत कोणी बी हा मोजा करन, त्याले ते पान उघडा लागलं असतं. त्यानं ते वाचलंच नव्हतं, समजलं? दिवाळीपासून गाडीत पडलं होतं अन् त्यानं एक पान उलटवलं नव्हतं. जेवण करून न वाचताच सही करणार होता तो. त्याच्या आळसाच्या भरोशावर मी बसली होती. तूनं माईक घेऊन त्याले आठवण करून देल्ली."

"मंग पुन्हा घाल ना ते पान. त्याले काय कळते?"

"जमा कराले सोबत येतो म्हणे. पान पान पाहून जमा करन म्हणे. अन् नाई केलं जमा, तं बंगलोर गेलं. आता सांग, कोणतं घालू? आईचं नाव का नोकरी?"

मी म्हणलं, "लोकाइले तं कळलं ना ताई. सगळे तुह्या बाजूनं हासले."

"हासले ना? तेच तं म्हणून राह्यली मी. उद्या मी कोणाले खरं सांगतलं, का हे माह्या आईचं हाय, तं काय म्हणतीन? म्हणतीन, अरे हो, तो पोट्टा मस्त नक्कल करत होता. खरं होतं माह्यं, तूनं त्याचा जोक करून टाकला. अन् आवाज कोणाचा काढला? माह्यी गोष्ट, माह्यी आई, अन् आवाज त्याचा. तुले सगळ्याइचे आवाज येतात ना? काढ माह्या."

मी नाक साफ केलं. मंग आठवलं, ते तिचं नोहे. तोंड उघडलं, काहीच निघालं नाई.

"कसा येईन? तीन वर्ष एका खोलीत बसला अन् आयकलं दिवसभर त्याचंच. माह्यं कधी आयकलं काय? विचारलं काय एकदा तरी, का ताई, तुह्या मनात काय हाय? तो आज माह्या आईच्या नावानं टाळ्या घेऊन गेला. तूनं बी घेतल्या. त्याच्यापेक्षा जास्त घेतल्या. फरक सांग मले. अन् पंख्याकडे पाहू नको, इकडे पाहून सांग."